एकलहऱ्याचा उभा फोटो

नाशिकला जाणारा माणूस बहुधा देवासाठी तरी जातो, नाही तर द्राक्षांसाठी. काळाराम झाला, त्र्यंबकेश्वर झाले, पांडवलेण्यांच्या पायऱ्या मोजून झाल्या, एक झणझणीत मिसळ पोटात आणि चिवड्याचा एक पुडा पिशवीत पडला, की त्याची यात्रा सुफळ संपूर्ण होते. एकलहऱ्याला मुद्दाम असे कोणी जात नाही. मनमाडकडे जाणाऱ्या गाडीतून नाशिकरोड सुटल्यावर जी उंच धुराडी दिसतात, ते एकलहरे, एवढीच पुष्कळांची त्या गावाशी ओळख. आणि ती ओळख होईपर्यंत गाडी पुढे गेलेली असते.

मी मात्र लहानपणापासून नाशिकला गेलो तो एकलहऱ्यालाच. माझे मामा तेथल्या वीज केंद्रात ऑपरेटर होते. मे महिन्याची सुट्टी लागली की आई आम्हा भावंडांना घेऊन नाशिकरोडला उतरे. स्टेशनाबाहेर बस उभी असे. पाटीवर गावाचे नाव असले तरी कंडक्टर 'थर्मल, थर्मल' असेच ओरडे. येवले, निफाड, सिन्नर तसे हेही एखाद्या गावाचेच नाव असावे, असा माझा कितीतरी वर्षे समज होता. आजही त्या बाजूला कोणाला पत्ता विचारा. तो एकलहरे म्हणायच्या आधी थर्मल म्हणेल.

गोदावरीच्या काठाने वसलेल्या या जुन्या खेड्याला हे दुसरे नाव मिळाले ते १९७० साली. त्या वर्षी येथे १४० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला, दुसरा १९७१ साली. पुढे १९७९, १९८० आणि १९८१ अशी पाठोपाठ तीन वर्षे २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. दगडी कोळशाच्या वाघिणी, नदीचे पाणी, वाफ, आणि मिनिटाला तीन हजार फेरे घेणारे टर्बाइन. या सगळ्याचा शेवट तुमच्याआमच्या घरातल्या एका बटणात. मामांनी मला हे पाटीवर खडूने काढून समजावले होते. तीन हजारच का, तर सेकंदाला पन्नास फेरे व्हायला हवेत म्हणून. आपल्या विजेची लयच पन्नासाची. "एकोणपन्नास झाले की आमचा जीव खालीवर होतो," असे ते म्हणत आणि मामी आतून म्हणत, "आणि घरात साखर संपली तरी होत नाही."

मामा १९७२ साली लागले आणि २००८ साली निवृत्त झाले. ज्या दोन संचांवर ते शिकले, ते २०११ साली बंद करण्यात आले. "मी आधी गेलो. मला शाल-श्रीफळ तरी मिळालं," एवढेच ते यावर बोलतात. बंद झालेल्यांच्या जागी ६६० मेगावॅटचा नवा संच येणार, ही बोलणी मात्र त्या परिसरात वर्षानुवर्षे चालू आहेत. पारावर, चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये कोणीही भेटले तरी विषय फिरून तेथे येतो. नव्याची वाट कशी पाहावी, हे शिकायचे असेल तर एकलहऱ्याला यावे.

निवृत्तीनंतर वसाहतीतली खोली सोडून मामांनी सामनगाव रस्त्याला स्वतःचे लहानसे घर बांधले. बांधताना एक अट घातली: गच्चीतून धुराडी दिसली पाहिजेत. माणसे समुद्र दिसावा म्हणून जास्त पैसे मोजतात, आमच्या मामांनी धुराड्यांसाठी मोजले. आता या दिवाळीनंतर ते घरही सुटणार आहे. मामेभाऊ पुण्यात आहे, धाकटा अमेरिकेत. दोघे म्हातारे एकटे राहण्याचे दिवस संपले, असे मुलांचे म्हणणे, आणि मामींनी ते मान्य केल्यामुळे मामांनाही करावे लागले.

एवढा प्रपंच लावायचे कारण एक कॅमेरा. खरे म्हणजे दोन.

पहिला १९८४ साली आला. मामांच्या एका सहकाऱ्याचा भाऊ मस्कतला होता, त्याने आणला. पेंटॅक्स के-१०००. जपानमधल्या आसाही कंपनीने हे मॉडेल १९७६ साली काढले आणि १९९७ सालापर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे, जवळजवळ काहीही न बदलता विकले. तीस लाखांवर नग खपले. त्यात काही नाही, हाच त्याचा गुण. स्वतः फोटो काढून घेण्यासाठी असते ती कळही नाही. सगळे काम दाते, स्प्रिंगा आणि तरफा यांचे. सेल आहे तो फक्त प्रकाश मोजण्यासाठी; सेल संपला तरी कॅमेरा चालतोच. मीटर बंद करायला बटणसुद्धा नाही. भिंगावर टोपी लावली की अंधार, आणि अंधार झाला की मीटर झोपते.

मामांना तो आवडला याचे कारण छायाचित्रणाच्या पुस्तकात मिळणार नाही. त्या कॅमेऱ्यातून पाहिले की उजव्या कडेला एक बारीक सुई दिसते. प्रकाश जास्त झाला की ती वर जाते, कमी झाला की खाली. सुई मधोमध आणायची आणि मग खटका दाबायचा. आठ-आठ तास कंट्रोल रूममध्ये सुयांकडे बघत बसणाऱ्या माणसाला करमणुकीसाठीसुद्धा आणखी एक सुईच मिळाली! "सुई मधे असली की मला झोप लागते," हे त्यांचे जीवनविषयक तत्त्वज्ञान. रात्रपाळीवरून आलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभूनही दिसे.

केंद्राच्या आत फोटो काढायला बंदी. छत्तीस वर्षांत मामांनी तो नियम एकदाही मोडला नाही. पण कुंपणाबाहेर जे जे होते ते सगळे त्या कॅमेऱ्यात उतरले. वसाहतीतले गणपती, कबड्डीचे सामने, हळदीकुंकू, पहिल्या पावसात नाचणारी पोरे, बदली होऊन निघालेल्या कुटुंबाचा ट्रकमध्ये चढवलेला संसार, लग्न होऊन सासरी चाललेल्या मुली. त्या मुलींच्या सासरी आजही मामांनी काढलेले फोटो भिंतीवर असतील. आम्हा भाचरांना ते निंबाखाली ओळीने उभे करीत आणि "हलू नका" म्हणून असा काही दरारा बसवीत, की जुन्या अल्बममध्ये आम्ही सगळे शाळेच्या तपासणीला उभे असल्यासारखे दिसतो.

हा कॅमेरा तीन वर्षांपूर्वी थांबला. कॅमेरा नव्हे, मामांचा उजवा डोळा. मोतीबिंदूचे ऑपरेशन चांगले झाले होते, पण आतल्या पडद्याचा मधला भाग झिजू लागला. कडेचे दिसते, मधले पुसट. के-१००० मध्ये फोकस जुळवायचा तो नेमका मधल्या वर्तुळात. तेथली थरथर थांबली की चित्र स्पष्ट झाले असे समजायचे. मामांना ते वर्तुळच दिसेना. त्यांनी भिंगाला टोपी लावली आणि कॅमेरा कपाटात ठेवला. त्याविषयी एक अक्षर बोलले नाहीत. मामींनीच मला फोनवर सांगितले.

नाशिकच्या मातीला डोळ्यांची ही गोष्ट नवी नाही. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाच्या वेडाने पछाडले, तेव्हा रात्रंदिवस चित्रे पाहून पाहून त्यांची दृष्टीच जाण्याची वेळ आली होती. उपचार झाले, चष्मे लागले, डोळे परत मिळाले. मग १९१२ साली ते विलायतेला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. बिऱ्हाड नंतर नाशिकलाच हलवले. मामांना हे सगळे तोंडपाठ आहे. पण मी ते धीर द्यायला म्हणून बोलू लागलो तेव्हा ते म्हणाले, "फाळक्यांचं वय तेव्हा चाळीस होतं रे." यावर मराठीच्या प्राध्यापकाजवळ उत्तर नव्हते.

गेल्या हिवाळ्यात धाकटा मामेभाऊ अमेरिकेहून आला, त्याने वडिलांसाठी दुसरा कॅमेरा आणला. पेंटॅक्सचाच, फिल्मवर चालणारा, आणि कोरा करकरीत नवा!

हे वाचून एखाद्या वाचकाला वाटेल की लेखकाच्या हातून साल चुकले. तसे नाही. फिल्मचे बारावे-तेरावे घालून झाल्यावर हल्ली तिचे पुन्हा बारसे चालू आहे. कोडॅकसारख्या कंपनीने २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला, आपल्याकडे उटकमंडला 'इंदू' फिल्म बनवणारा हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना बंद पडला, गल्लीतल्या स्टुडिओंनी झेरॉक्सची यंत्रे आणली. आणि मग ज्यांचा जन्मच मोबाईल हातात घेऊन झाला, ती पोरे आजोबांच्या कपाटातून जुने कॅमेरे काढू लागली. पण जुने कॅमेरे किती दिवस पुरणार? दुरुस्त करणारे हात त्याहून थोडे. तेव्हा २०२२ च्या डिसेंबरात पेंटॅक्सने जाहीर केले, की आम्ही फिल्मचा नवा कॅमेरा काढण्याच्या खटपटीत आहोत. प्रथम लहान कॅमेरा, मग जरा वरच्या दर्जाचा, मग भिंगे बदलता येतील असा, आणि चार पायऱ्या चढल्यावर शेवटी संपूर्ण यांत्रिक. म्हणजे के-१००० चा वारस.

झाले! जगभरच्या निष्ठावंत पेंटॅक्सवाल्यांचे डोळे चौथ्या पायरीवर लागले. लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाला पंगतीचा शेवटचा पदार्थ आधी सांगावा, तसे ते झाले. २०२४ च्या जूनमध्ये पहिली पायरी आली. पेंटॅक्स १७. आणि पुष्कळांचे चेहरे पडले.

पडण्यासारखे काय होते? हा कॅमेरा अर्ध्या चौकटीचा आहे. पस्तीस मिलिमीटर फिल्मवर एरवी ३६ बाय २४ मिलिमीटरचे चित्र उमटते, ते आडवे. त्या जागेत या कॅमेऱ्यात दोन चित्रे बसवली आहेत, प्रत्येक १७ मिलिमीटर रुंद, नाव त्यावरूनच. छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो निघतात. फिल्म आडवी सरकते, म्हणून तिचे निम्मे तुकडे उभे पडतात. कॅमेरा सरळ धरला की फोटो उभा. मोबाईलवर उभे फोटो पाहायची सवय झालेल्या पिढीला ते बरे, असा कंपनीचा हिशोब. युक्ती नवी नाही. १९५९ साली ऑलिंपसने मैतानी या तरुण अभियंत्याकडून 'पेन' नावाचा असाच कॅमेरा करवून घेतला होता. फिल्म महाग होती तेव्हा अर्ध्यात भागवणे शहाणपणाचे होते. आज ती पुन्हा महाग झाली आहे. मी मामांसाठी एक रंगीत रोल घेतला, त्या पैशांत चौघांची मिसळ होऊन वर चहा झाला असता.

मामांनी डबा उघडला, कॅमेरा तळहातावर तोलला आणि पहिला शेरा मारला, "हलका आहे." हा शेरा आहे की शिक्षा, ते त्यांच्या स्वरावरून कळेना. के-१००० चे वजन सहाशे ग्रॅमच्या वर. हा तीनशेच्या आत. वरचे आणि खालचे झाकण मॅग्नेशियमचे, मधले अंग प्लॅस्टिकचे. भिंग एकच, २५ मिलिमीटरचे, ते काढता येत नाही. छिद्र किती उघडायचे, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा, हे कॅमेराच ठरवतो. सेल संपला की सगळा कारभार ठप्प. आणि सुई नाही. सुईऐवजी डोळ्याजवळ दोन दिवे, एक निळा, एक नारिंगी.

"दिवे?" मामा म्हणाले. "कंट्रोल रूममध्ये दिवा लागला की समजायचं, काहीतरी बिघडलंय. सुई बिघडायच्या आधी सांगते."

मला वाटते, निष्ठावंत गिऱ्हाइकाची सगळी तक्रार या एका वाक्यात आली. पाचशे डॉलर किमतीत जुने दोन-तीन के-१००० येतील, हा हिशोबही मामांनी मुलाला ऐकवला. मुलगा बिचारा गप्प. सहा महिने विचार करून वडिलांसाठी आणलेली वस्तू आणि वडील तिची खातेनिहाय चौकशी करीत होते.

मग मी त्यांना एक गोष्ट वाचून दाखवली, आणि चौकशीचा रंग पालटला. हा कॅमेरा करायला घेतला तेव्हा कंपनीत फिल्मचा कॅमेरा बनवलेली माणसे जवळजवळ उरलीच नव्हती. अंगठ्याने ओढून फिल्म पुढे सरकवणारी ती साधी तरफ. तिच्यातली चाके कशी बसवायची, ओढताना हाताला लागणारा तो ताण कोठून येतो, हे तरुण अभियंत्यांना ठाऊक नव्हते. ताकेओ सुझुकी नावाच्या डिझाइनरने या कामाचा पाठपुरावा केला. जुने आराखडे काढले आणि कंपनीतून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्यांना गाठून विचारले.

"निवृत्तांना विचारलं?" मामा म्हणाले.

"हो."

"घरी जाऊन?"

ते माझ्याजवळच्या मजकुरात नव्हते. पण मामांनी कॅमेरा पुन्हा हातात घेतला, तरफ ओढली, खटका दाबला, पुन्हा ओढली. पाच-सहा वेळा. डोळे मिटून. टर्बाइनच्या आवाजावरून बेअरिंगचा अंदाज घेणारा माणूस कान देऊन काय ऐकत होता, ते त्यालाच ठाऊक. "म्हातारे बरे भेटले त्यांना," असा निकाल शेवटी लागला. आत जाताना मामींना म्हणाले, "जपानात विचारतात हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. खरा प्रश्न फोकसचा होता. या कॅमेऱ्यात मधले वर्तुळ नाहीच. भिंगाभोवती कडे आहे, त्यावर चित्रे काढलेली आहेत: एका टोकाला फूल, मग काटा आणि सुरी, मग माणूस, आणि दुसऱ्या टोकाला डोंगर. समोरची वस्तू फुलाइतकी जवळ असेल तर फूल, ताटाइतकी असेल तर काटा-सुरी, लांब असेल तर डोंगर. अंतराचा अंदाज करायचा आणि कडे फिरवायचे. बालवाडीतल्या पोराला दाखवावी तशी ही चित्रे पाहून खऱ्या पेंटॅक्सवाल्याचा पारा चढावा, आणि पुष्कळांचा चढलाही. आमच्या मामांचा आदल्या रात्री चढून उतरला होता. कारण कडेचे दिसणाऱ्या डोळ्याला ही चित्रे दिसत होती, आणि फोटोची चौकटही दिसत होती. मधल्या वर्तुळाची गरजच संपली होती!

अंदाज थोडा चुकला तरी चालते, त्याचेही कारण आहे. चौकट लहान, म्हणून भिंग आखूड पल्ल्याचे. आणि भिंग जितके आखूड तितका पुढचा-मागचा अधिक भाग एकाच वेळी स्पष्ट येतो. उन्हात छिद्र बारीक झाले की आणखी. मामांनी हे एका वाक्यात ऐकून घेतले आणि पावले मोजायला सुरुवात केली. तीन मीटर म्हणजे त्यांची सव्वाचार पावले, असे अंगणात टेप लावून ठरले. अगदी जवळच्या फोटोला पाव मीटर अंतर लागते, तेवढ्याच लांबीचा पट्टा कॅमेऱ्याबरोबर आलेला आहे; तो ताणून धरला की माप झाले. हा पट्टा मामांना फार पसंत पडला. "हे कोणा म्हाताऱ्याचं डोकं," ते म्हणाले.

एकलहऱ्याची सकाळ जिने पाहिली नाही त्या व्यक्तीला मी तिचे काय वर्णन सांगू? द्राक्षबागांवर पातळ धुके, गोदावरीच्या पाण्यावर त्याहून दाट, आणि सगळ्याच्या वर धुराड्यांचे सरळ उभे खांब, त्यांच्या टोकाशी ऊन आधी पोहोचलेले. नदीकाठच्या लव्हाळ्यांत बगळे. हीच गोदावरी पुढे निफाड तालुक्यात नांदूरमधमेश्वरला जाते, तेथे पाखरांचे मोठे माहेरघर. २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र म्हणून त्याचे नाव झाले. मामा पूर्वी के-१००० ला लांबचे भिंग लावून तेथे जात. या कॅमेऱ्याने पाखरू टिपायचे तर ते खांद्यावर येऊन बसले पाहिजे. ही तक्रार त्यांनी वाटेत तीनदा केली आणि ती खरी आहे.

पण एक गोष्ट त्यांनीच प्रथम टिपली. बांधावर उभे राहून त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि बराच वेळ खाली घेतला नाही. "अरे, मावतं!" ते म्हणाले. चाळीस वर्षे धुराडी आडव्या चौकटीत बसवताना एक तर शेंडा तुटे, नाही तर कॅमेरा आडवा-उभा करून मान वाकडी करावी लागे. येथे चौकट मुळातच उभी. खाली बांध, मध्ये निंब, वर आकाश, आणि दूरवर ती धुराडी, सगळे जागच्या जागी. मोबाईलवाल्या पोरांच्या सोयीसाठी केलेली गोष्ट एकलहऱ्याच्या अंगाला अशी बेतून शिवल्यासारखी बसली.

परत येताना वसाहतीच्या रस्त्याला एका तरुण रखवालदाराने हटकले. त्याने कॅमेरा पाहिला होता. मामांनी सांगितले, की केंद्राकडे पाठ करून निंबाचा आणि भाचाचा फोटो काढला आहे. "दाखवा, काका," तो म्हणाला. मामांनी कॅमेऱ्याची पाठ त्याच्यासमोर धरली. तेथे पडदा नव्हता.

"फोटो कुठाय?"

"आत."

"मग डिलीट करा."

"होत नाही रे बाबा. फिल्म आहे."

पोरगा गोंधळला. डिलीट न होणारा फोटो ही वस्तू त्याने पाहिलेली नव्हती. तेवढ्यात दुसरा, जरा वयस्कर रखवालदार सायकलवरून आला, त्याने मामांना ओळखले आणि "साहेब, तुम्ही अजून काढता होय?" म्हणून पायाला हात लावला. त्याच्या बहिणीच्या लग्नातले फोटो मामांचे होते. मग त्या दोघांचा फोटो निघाला, बाहेरच्या चहाच्या टपरीजवळ, सव्वाचार पावलांवरून.

बहात्तर फोटो संपवणे सोपे नाही. मोबाईलवर बहात्तर एका वाढदिवसात होतात. मामा एकेका फोटोला दहा मिनिटे घेत. रोल संपायला होळी आली. नाशिकरोडला पूर्वी चार ठिकाणी फिल्म धुऊन मिळे, आता रोल मुंबईला पाठवला आणि पंधरवड्याने तो संगणकावरच्या चित्रांच्या रूपाने परत आला. मी तो घेऊन पुन्हा एकलहऱ्याला गेलो आणि मोठ्या पडद्यावर एकेक लावला.

एकोणीस पुसट होते. मामांनी प्रत्येकाचा पंचनामा केला: येथे पावले कमी पडली, येथे काटा-सुरीवरून कडे फिरवायचे राहिले. बाकीचे मात्र पाहण्यासारखे होते. इवल्याशा चौकटीच्या मानाने भिंग चांगलेच तीक्ष्ण. फार मोठे केले की दाणे दिसू लागतात, कारण फिल्मच निम्मी. भिंतीवर लावायचा मोठा फोटो याच्यात मागू नये. हेही मामांनीच सांगितले, मी नव्हे.

गंमत निराळीच झाली. धुणाऱ्याने शेजारशेजारची दोन-दोन चित्रे एकत्र घेतली होती, त्यामुळे प्रत्येक वेळी पडद्यावर दोन फोटो एकदम येत. काढताना त्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. डावीकडे धुराडी, उजवीकडे कुकरची शिट्टी बघत उभ्या मामी. डावीकडे राखेच्या विटांचा ढीग, उजवीकडे शेजारच्या घरातले तान्हे पोर. डावीकडे नदी, उजवीकडे रिकाम्या केलेल्या कपाटाचे फळकूट. मामी त्या कपाटाच्या फोटोपाशी थांबल्या. "हे कशाला काढलंत?" त्यांनी विचारले. मामा म्हणाले, "सहज." मग कोणी काही बोलले नाही आणि मी पुढची जोडी लावली.

तर मूळ प्रश्न. नव्या मॉडेलने जुन्या भक्ताचे समाधान झाले का? मी हे मामांना सरळ विचारले, कारण हा लेख लिहायचे माझ्या मनात होते. ते म्हणाले, "नाही." त्यात संकोच नव्हता. जपानला पत्र लिहायचे आहे, तू इंग्रजी कर, असेही म्हणाले. गेल्या महिन्यात गच्चीवर बसून त्यांनी ते मला सांगितले आणि मी उतरून घेतले. कलमे चार. एक, चौथी पायरी लवकर करा, आमची वये पाहा. दोन, त्यात सुई ठेवा. तीन, सेलाशिवाय चालला पाहिजे. चार, टोपीवर चालणारे मीटर बदलू नका.

मी म्हटले, "मामा, पाचवं एक घालू या. फुलाच्या आणि डोंगराच्या चित्रांमुळे तुम्हाला तीन वर्षांनी फोटो काढता आले, ते लिहू. त्यांनाही बरं वाटेल."

"कौतुक कशाला लिहायचं?" मामा म्हणाले. "वापरतोय ना." मग जरा वेळाने, "म्हाताऱ्यांना विचारलंत ते चांगलं केलंत, एवढं लिही. तेही शेवटी. आणि सही मी मराठीत करणार."

के-१००० त्यांनी त्याच दिवशी माझ्या स्वाधीन केला, टोपी लावून ठेवायची असते हे दोनदा बजावून. पुण्याच्या सामानात नवा जाणार आहे. त्यात दुसरा रोल चालू आहे, एकसष्ट झाले आहेत, अकरा उरले आहेत. घर सोडायच्या दिवसासाठी ते राखून ठेवले आहेत, असे मामी म्हणतात. पण मी पत्राची घडी घालीत होतो तेव्हा मामा उठले, गच्चीच्या कठड्यापर्यंत सव्वाचार पावले मागे गेले, कडे माणसाच्या चित्रावर आणले.

"हलू नकोस," ते म्हणाले.

आता दहा उरले.